सेकंडहँड सिने-कॅमेरा: मिनिटाला किती जीबी?

आडवे ४०९६ पिक्सेल, उभे २१६०, आणि प्रत्येक पिक्सेलला १२ बिट. गुणाकार केला की एका फ्रेमचे १३.३ मेगाबाइट होतात. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर ३३२ मेगाबाइट, मिनिटाला जवळपास २० गिगाबाइट, तासाला १,१९४ गिगाबाइट. एक टेराबाइटची डिस्क तासाच्या आत भरली.

ब्लॅकमॅजिकच्या पॉकेट सिनेमा कॅमेरा ४केचं चित्र अजिबात न दाबता लिहायचं ठरवलं तर हा हिशोब लागू होतो. प्रत्यक्षात तो एवढं लिहीत नाही. ब्लॅकमॅजिक रॉ हा त्याचा फॉरमॅट ३:१, ५:१, ८:१ आणि १२:१ अशा प्रमाणांत डेटा दाबतो. ५:१ वर तासाला २३९ जीबी लागतात, १२:१ वर जेमतेम १०० जीबी. हा कॅमेरा २०१८ साली १,२९५ डॉलरला बाजारात आला आणि आज वापरलेल्या कॅमेऱ्यांच्या जाहिरातींत सर्रास दिसतो. पहिली शॉर्टफिल्म करू बघणाऱ्या पोरापोरींच्या यादीत तो बहुधा सगळ्यात वर असतो.

त्या जाहिरातींत किंमत असते, सोबत किती बॅटऱ्या मिळणार ते असतं, ‘एकही स्क्रॅच नाही’ हे तर हमखास असतं. मिनिटाला किती जीबी, हे कुणी लिहीत नाही. माझ्या मते कॅमेऱ्याची निवड याच आकड्यापासून सुरू करावी. म्हैस स्वस्तात मिळाली तरी वैरण आजच्या भावानेच घ्यावी लागते. जुन्या सिने-कॅमेऱ्याची किंमत दरवर्षी उतरते. त्याला लागणारा डेटा, वीज, लेन्स आणि फिल्टर हे मात्र तो नवा होता तेव्हा होते तेवढेच राहतात. कमी पैशांत पहिला सिनेमा करणाऱ्याचं कंबरडं मोडतं ते या दुसऱ्या यादीमुळे.

तीन कॅमेरे, २०० मिनिटं

हिशोबासाठी तीन कॅमेरे घेऊ. कॅननचा सी३०० नोव्हेंबर २०११ मध्ये जाहीर झाला आणि नवा असताना १६ हजार डॉलरच्या आसपास विकला जायचा. ॲरीची पहिली अलेक्सा, जिला आता सगळे ‘क्लासिक’ म्हणतात, ती २०१० ची. तिसरा वर आलेला पॉकेट ४के. तिन्ही वापरलेले मिळतात आणि तिघांचा स्वभाव एकमेकांपासून अगदी वेगळा आहे.

वीस मिनिटांची शॉर्टफिल्म आहे आणि शूटिंगचं प्रमाण दहास एक, असं धरू. म्हणजे पडद्यावरच्या एका मिनिटासाठी दहा मिनिटांचं फुटेज. तालमी नीट झाल्या असतील तर एवढ्यात भागतं. एकूण फुटेज २०० मिनिटं.

सी३०० फुल एचडीमध्ये सेकंदाला ५० मेगाबिट लिहितो. आठने भागले की ६.२५ मेगाबाइट. २०० मिनिटांचे झाले ७५ जीबी, म्हणजे साध्या ६४ जीबीच्या दोन कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डांत अख्खी फिल्म मावली. अलेक्सावर फुल एचडी प्रोरेस ४४४४ निवडला तर सेकंदाला २७५ मेगाबिट, एकूण ४१३ जीबी. पॉकेट ४केवर १२:१ ला ३३२ जीबी, ५:१ ला ७९६ जीबी, आणि हौसेने ३:१ लावलं तर १,३२७ जीबी. एकच फिल्म, तेच नट, तेच टेक. पण पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात जवळपास अठरा पटींचा फरक आहे.

फुटेजची एकच प्रत ठेवायची नसते. कामाची एक आणि वेगवेगळ्या जागी ठेवलेल्या आणखी दोन, अशा तीन प्रती हा किमान शिरस्ता. त्या हिशोबाने सी३०० ला २२५ जीबी लागतील, पॉकेटला ५:१ वर २.४ टीबी. त्यात वेळेचीही भर पडते. चार दिवसांचं शूट धरलं तर पॉकेटचं रोजचं फुटेज २०० जीबी भरतं. फिरत्या तबकडीची साधी हार्डडिस्क सेकंदाला १२० मेगाबाइटने लिहीत असेल तर एका प्रतीला २८ मिनिटं, दोन प्रतींना ५५. कॉपी बरोबर झाली की नाही हे सॉफ्टवेअरने पडताळून घ्यायचं तर त्याच्या दुप्पट. पॅकअप रात्री साडेदहाला झालं तर सगळं आटोपायला साडेबारा वाजणार. तेवढा वेळ कुणीतरी लॅपटॉपजवळ जागं राहायला हवं, आणि तो माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या शिफ्टला फोकस ओढणारा असू नये.

कार्डांचा मुद्दा किमतीइतकाच महत्त्वाचा आहे. पॉकेट ४केला यूएसबी-सी वायरने बाहेरची एसएसडी जोडता येते. १ टीबीच्या एसएसडीवर ५:१ ने चार तासांहून थोडं जास्त मावतं. अलेक्सा क्लासिकला एसएक्सएस कार्ड लागतं. त्या ६४ जीबीच्या कार्डावर वरच्या सेटिंगला फक्त ३१ मिनिटं बसतात. एकच कार्ड असेल तर दर अर्ध्या तासाने काम थांबवून ते रिकामं करत बसावं लागेल. रेडच्या बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांना त्यांचीच खास मॅगझिन लागतात आणि बॉडी जुनी झाली म्हणून मॅगझिनचा भाव त्याच वेगाने खाली येत नाही. म्हणून जाहिरातीत ‘फक्त बॉडी’ असं दिसलं की आधी कार्डाचं नाव विचारावं आणि त्या कार्डाचा आजचा भाव काढावा, मग बॉडीच्या भावावर बोलावं.

जास्त डेटाने चित्र किती सुधारतं?

मग सगळ्यात कमी खाणारा सी३०० च घ्यावा का? इथे बिटांचा हिशोब येतो. सी३०० चं रेकॉर्डिंग ८ बिटचं आहे, म्हणजे प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या. कॅनन लॉगमध्ये तो सुमारे १२ स्टॉपचा उजेड-अंधार (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) या पायऱ्यांत बसवतो. ढोबळपणे वाटणी केली तर एका स्टॉपच्या वाट्याला २१ पायऱ्या येतात. पॉकेट ४केच्या १२ बिटांत ४०९६ पायऱ्या आणि १३ स्टॉप, म्हणजे स्टॉपला ३१५. हा फरक सेटवर दिसत नाही, ग्रेडिंगला बसल्यावर दिसतो. संध्याकाळचं आभाळ निळ्याकडून केशरीकडे सरकत असतं तिथे ८ बिटचं चित्र थोडं ताणलं की पट्टे उमटतात. सी३०० वर काम करणाऱ्याने एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स जागेवरच बरोबर लावायला हवा. मागाहून दुरुस्त करू म्हणायची सोय त्यात फार थोडी आहे. शिकणाऱ्याला ही शिस्त लागली तर ते चांगलंच, असं मला मनापासून वाटतं.

आणि त्या ८ बिटच्या, ५० मेगाबिटच्या कॅमेऱ्यावर चित्रित झालेल्या ‘ब्लू इज द वॉर्मेस्ट कलर’ने २०१३ साली कानचा पाम द’ओर जिंकला. आपल्या मुंबईचं उदाहरण त्याहून जुनं आहे. ‘स्लमडॉग मिलियनेअर’चा बराच भाग सिलिकॉन इमेजिंगच्या एसआय-२के या छोट्या कॅमेऱ्यावर शूट झाला. त्याचा सेन्सर अवघा दोन तृतीयांश इंची आणि रेझोल्यूशन २के. गल्लीबोळांतून पळणाऱ्या मुलांच्या मागे तेवढा लहान कॅमेराच धावू शकला असता. अँथनी डॉड मँटल यांना त्या छायाचित्रणासाठी २००९ चा ऑस्कर मिळाला. पुढे २०१२ मध्ये ‘ह्यूगो’ आणि २०१३ मध्ये, पुदुच्चेरीतही चित्रण झालेला ‘लाइफ ऑफ पाय’ या लागोपाठच्या दोन ऑस्करविजेत्या छायाचित्रणांमागे पहिल्या पिढीतली अलेक्सा होती. तिचा सेन्सर ४के नाही.

थिएटरात फिल्म जाते ती डीसीपी नावाच्या पॅकेजमधून. २के डीसीपीची चौकट २०४८ बाय १०८०, स्कोपमध्ये २०४८ बाय ८५८. तिचा डेटा सेकंदाला २५० मेगाबिटच्या वर जाऊ शकत नाही. म्हणजे ३१ मेगाबाइट. पॉकेट ४के ५:१ वर सेकंदाला ६६ मेगाबाइट लिहितो, पडद्यावर जाणाऱ्या कमाल डेटाच्या दुप्पट. ही जादा माहिती वाया जात नाही. एडिटिंगमध्ये चौकट थोडी आवळता येते, रंग ओढता येतात. पण निव्वळ ‘४के आहे’ म्हणून जास्त पैसे मोजणाऱ्याने हे दोन आकडे शेजारी मांडून बघावेत. पहिल्या फिल्मला १२:१ किंवा ८:१ पुरतं. ३:१ ची गरज व्हीएफएक्स असलेल्या मोजक्या शॉटना.

वॅट आणि किलो

अलेक्सा क्लासिकची बॉडी ६ किलोंच्या पुढे आणि व्ह्यूफाइंडरसकट ती साधारण ८५ वॅट खाते. ९८ वॅट-अवरची व्ही-माउंट बॅटरी कागदावर ६९ मिनिटं चालेल. (बाजारात ९८ चा आकडा सारखा दिसतो कारण विमानात हातातल्या सामानासोबत विनापरवानगी नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा १०० वॅट-अवर आहे.) दिवसात कॅमेरा सहा तास चालू राहिला तर ५१० वॅट-अवर, म्हणजे सहा बॅटऱ्या. जुन्या बॅटऱ्यांची गळती धरली तर आठ हव्यात. दोन बॅटऱ्यांच्या चार्जरवर एका जोडीला तीन-चार तास लागतात. आठ बॅटऱ्यांच्या चार फेऱ्या, बारा ते सोळा तास. रात्र पुरत नाही. आणि गावाकडे शूट असेल तर रात्रभर वीज राहील याची खात्री कोण देणार? अलेक्साची बॉडी स्वस्तात मिळाल्याच्या आनंदात हा हिशोब सुटतो. मग त्या ६ किलोंना पेलणारा ट्रायपॉड आणि हेड आलं, आणि ते सगळं उचलायला आणखी एक माणूस.

पॉकेट ४के ७२२ ग्रॅमचा. त्यात कॅननच्या फोटो कॅमेऱ्यांची एलपी-ई६ बॅटरी बसते, सुमारे १४ वॅट-अवरची. कंपनीच्या कागदावर ती तासभर चालते; सेटवर ४०-४५ मिनिटं धरावीत, आणि डुप्लिकेट बॅटरी असेल तर त्याहून कमी. सहा तासांना आठ-नऊ बॅटऱ्या झाल्या. त्यापेक्षा एकच ९८ वॅट-अवरची व्ही-माउंट घेऊन ती डी-टॅपच्या वायरने कॅमेऱ्याला जोडली तर चार-पाच तासांची चिंता मिटते. सी३०० या बाबतीत सगळ्यांत गुणी: खप १२ वॅटच्या आसपास, मोठ्या बॅटरीवर तीन तास सहज. लग्नाची, सभेची, माहितीपटाची कामं करणाऱ्यांनी तो एवढी वर्षं सोडला नाही याचं हे एक मोठं कारण.

५२ मिलिमीटर की १९.२५?

लेन्सच्या बाबतीत सगळा खेळ एका अंतराचा आहे. माउंटच्या कड्यापासून सेन्सरपर्यंतच्या अंतराला फ्लँज अंतर म्हणतात. सिनेमाच्या पीएल माउंटचं हे अंतर ५२ मिलिमीटर, निकॉन एफचं ४६.५, जुन्या रशियन-जर्मन लेन्सच्या एम४२ चं ४५.४६, कॅनन ईएफचं ४४, मायक्रो फोर थर्ड्सचं १९.२५, सोनी ईचं १८. लेन्सचं अंतर कॅमेऱ्याच्या अंतरापेक्षा जास्त असेल तर मधली जागा भरणारं साधं कडं, म्हणजे ॲडॅप्टर, बसवता येतं. कमी असेल तर बसत नाही; लेन्स सेन्सरपासून लांब राहते आणि दूरचं काही फोकसमध्ये येतच नाही.

आता अलेक्साचं बघा. तिचं माउंट पीएल, ५२ मिलिमीटर. घरातली निकॉनची ५० एमएम, जुन्या बाजारात स्वस्तात मिळणारी हेलिओस ५८ एमएम, यांपैकी एकही साध्या ॲडॅप्टरने तिच्यावर चालणार नाही. पीएल लेन्स विकत घेणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचं, म्हणून दर शूटला लेन्स भाड्याने. स्वतःचा कॅमेरा असूनही रेंटलचं बिल चालूच. सी३०० विकत घेताना इथेच डोळ्यांत तेल घालून बघावं: तो ईएफ आणि पीएल अशा दोन प्रकारांत निघाला होता. ईएफवर निकॉनच्या लेन्सला अडीच मिलिमीटरची जागा मिळते, एम४२ ला दीड मिलिमीटरची. पातळ कडी बसतात आणि काम होतं.

पॉकेट ४केवर तर ऐसपैस जागा आहे. ईएफ लेन्स लावताना ४४ वजा १९.२५, म्हणजे पावणेपंचवीस मिलिमीटर मोकळे राहतात. त्या जागेत भिंगं असलेला ॲडॅप्टर बसतो, त्याला स्पीडबूस्टर म्हणतात. मेटाबोन्सने याच कॅमेऱ्यासाठी ०.६४ पटीचा काढला. त्याचा उपयोग आपल्या घरांच्या मापाने समजून घेऊ. दहा बाय दहाची खोली, कॅमेरा एका भिंतीला टेकवलेला, समोरच्या भिंतीलगत खाट. अंतर ३ मीटर. पॉकेट ४केचा सेन्सर १८.९६ मिलिमीटर रुंद आहे. ५० एमएम लेन्स लावली तर चौकटीत १.१४ मीटर रुंदी येईल: खाटेवर बसलेला एक माणूस, दुसरा बाहेर. तीच लेन्स स्पीडबूस्टरवर ३२ एमएमसारखी वागते आणि १.७८ मीटर दाखवते, म्हणजे सहा फुटी खाट जवळजवळ पूर्ण. शिवाय एफ १.८ ची लेन्स एफ १.१५ ची होते. सव्वा स्टॉपहून जास्त उजेड फुकट. तरीही अख्खी खोली दिसायला हवी असेल तर ही लेन्स पुरणार नाही. १२ एमएमवर ४.७ मीटर दिसतात. म्हणून अशा लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यासोबत पहिली लेन्स रुंद कोनाची घ्यावी, आणि चेहऱ्यांसाठी जुनी ५० शोधावी. बरेच जण नेमकं उलट करतात, कारण ५० एमएम एफ १.८ स्वस्त असते.

सी३०० चा सेन्सर २४.६ मिलिमीटर रुंद. त्याच खोलीत २४ एमएम लेन्सने ३ मीटर, म्हणजे समोरची भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसते. स्पीडबूस्टरची भानगड नाही.

वैशाखातलं ऊन आणि ट्यूबलाइट

सिनेमाची हालचाल डोळ्याला पटते ती १८० अंशांच्या शटरमुळे. २५ फ्रेमला त्याचा अर्थ सेकंदाचा पन्नासावा भाग. तो बदलायचा नाही, हे एकदा ठरलं की उन्हात पंचाईत होते. फोटोग्राफीचा जुना नियम सांगतो: लख्ख उन्हात एफ १६ ठेवा आणि शटर आयएसओच्या आकड्याइतकं. पॉकेट ४केचा मूळ आयएसओ ४००, म्हणजे एफ १६ वर शटर १/४००. आपल्याला १/५० हवं, तर तीन स्टॉप उजेड जास्त झाला. मागची पार्श्वभूमी धूसर करायला एफ २.८ वर यायचं, तर आणखी पाच. एकूण आठ स्टॉप उजेड अडवायला हवा. २५६ मधला फक्त एक भाग आत सोडायचा. हे काम एनडी फिल्टरचं, आणि आठ स्टॉपचा एनडी म्हणजे २.४.

पॉकेट ४केमध्ये एकही एनडी नाही. सी३०० मध्ये २, ४ आणि ६ स्टॉपचे फिल्टर आतच आहेत, चाक फिरवलं की पुढे येतात. ब्लॅकमॅजिकने २०२१ साली काढलेल्या पॉकेट ६के प्रोमध्येही तेच तीन आहेत. सी३०० चा मूळ आयएसओ ८५०, म्हणून त्याला आठऐवजी नऊ स्टॉप अडवावे लागतात. सहा आत अडले, उरलेल्या तीनसाठी एफ ८ वर जावं लागेल. माहितीपटात ते चालून जातं. बाहेरून लावायचा एनडी घ्याल तर तो इन्फ्रारेड अडवणाराच घ्यावा. साधा गडद फिल्टर दिसणारा उजेड अडवतो आणि इन्फ्रारेड तसाच आत सोडतो. मग काळी छत्री, वकिलाचा काळा कोट, काळे केस, सगळ्यांवर तांबूस-मरून छटा चढते. ती ग्रेडिंगमध्ये काढायला गेलं की माणसांच्या कातडीचा रंग बिघडतो. या एका कारणाने स्वस्त व्हेरिएबल एनडी महाग पडतो.

रात्री वेगळा प्रश्न. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइट आणि रस्त्यावरचे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. २५ फ्रेम आणि १८० अंश असेल तर प्रत्येक फ्रेममध्ये बरोबर दोन ठोके बसतात आणि फ्लिकर दिसत नाही. सिनेमाचा म्हणून २४ फ्रेमचा हट्ट धरला तर शटर १/४८ होतं आणि भिंतीवर हलक्या लाटा पळू लागतात. त्यावर उपाय एकच आकडा: शटर अँगल १७२.८. चोवीसला पन्नासने भागून ३६० ने गुणलं की तो येतो आणि शटर पुन्हा १/५० होतं. पॉकेट आणि अलेक्सा दोन्हींत तो लावता येतो. परदेशी व्हिडिओंत १/६० चा सल्ला मिळतो. तो ६० हर्ट्झच्या देशांसाठीचा असतो आणि आपल्याकडे फ्लिकर वाढवतो.

भाव कोण ठरवतं?

वापरलेल्या कॅमेऱ्याचा भाव विकणारा ठरवत नाही, नव्याचा भाव ठरवतो. ब्लॅकमॅजिकचा पहिला सिनेमा कॅमेरा २०१२ मध्ये २,९९५ डॉलरला जाहीर झाला. पुढच्याच वर्षी कंपनीने तो १,९९५ वर आणला. पहिला, फुल एचडीचा पॉकेट २०१३ साली ९९५ डॉलरचा होता. २०१४ च्या उन्हाळ्यात कंपनीने काही आठवड्यांसाठी तो ४९५ ला विकला. त्या आठवड्यांत वापरलेल्या पॉकेटला ४९५ पेक्षा जास्त मागणं कुणालाच शक्य नव्हतं. २००७ सालच्या रेड वनची नुसती बॉडी १७,५०० डॉलरची होती; आज तिच्याकडे लोक कुतूहलाने बघतात. म्हणून जुना कॅमेरा ठरवायच्या आधी त्याच्या पुढच्या मॉडेलचा आजचा नवा भाव बघावा. दोघांत तीस टक्क्यांहून कमी फरक असेल तर वॉरंटीसकट नवा घेतलेला बरा.

माझा ढोबळ नियम असा, की एकूण बजेटच्या ४० टक्क्यांहून जास्त बॉडीवर घालू नये. समजा दीड लाख आहेत. बॉडी ६० हजारांपर्यंत. उरलेल्या ९० हजारांत दोन लेन्स आणि ॲडॅप्टर, बॅटऱ्या, एसएसडी आणि बॅकअपच्या डिस्क, एनडी, ट्रायपॉड आणि आवाजासाठी माइक. आवाजाचे पैसे सगळ्यात शेवटी धरले जातात आणि ते चुकीचं आहे; पाहणारा थोडं धूसर चित्र सहन करतो, न कळणारा संवाद करत नाही.

विकत घ्यावा की भाड्याने, याचंही गणित सरळ आहे. हाच दीड लाखाचा संच दोन वर्षांनी ८० हजारांना गेला तर तुटलेले पैसे ७० हजार. दुरुस्तीसाठी १४ हजार बाजूला धरले तर ८४ हजार. असा संच रोज ३,५०० रुपये भाड्याने मिळत असेल तर भागाकार २४ दिवसांवर येतो. दोन वर्षांत २४ दिवसांहून कमी शूट होणार असेल तर भाड्याचा कॅमेरा स्वस्त. आपल्या शहरातले खरे भाव यात घालून हा भागाकार आधी करावा. मात्र शिकण्याचे दिवसही यात मोजावेत. रविवारी सकाळी मंडईत जाऊन दोन तास उजेड बघत शूट करायचं तर त्यासाठी कुणी कॅमेरा भाड्याने आणत नाही. घरात असेल तरच ते होतं.

हातात घेतल्यावर

अलेक्सा आणि रेडसारख्या कॅमेऱ्यांच्या मेनूत किती तास चालला याचा आकडा सापडतो, तो आधी बघावा. भाड्यावर वर्षाला २०० दिवस, दिवसाला ८ तास फिरलेला कॅमेरा तीन वर्षांत ४,८०० तास गाठतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. रेंटलवाल्याने वेळच्या वेळी सर्व्हिस केली असेल तर कपाटात पाच वर्षं दमट हवेत पडून राहिलेल्यापेक्षा तो चांगला. कोकणातून, गोव्यातून किंवा मुंबईतून येणाऱ्या जुन्या लेन्समध्ये टॉर्च मारून बुरशी बघायलाच हवी. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले की ती लेन्स घेऊ नये.

सेन्सरची खरी परीक्षा अंधारात होते. कॅमेरा अर्धा तास चालू ठेवून गरम होऊ द्यावा. मग बॉडीकॅप लावून, आयएसओ चढवून मिनिटभर रेकॉर्ड करावं आणि लॅपटॉपवर चित्र दोनशे टक्के मोठं करून बघावं. एकाच जागी न हलणारे लाल, हिरवे, पांढरे ठिपके म्हणजे अडकलेले पिक्सेल. पॉकेटच्या मेनूत पिक्सेल रीमॅपिंग आहे. ते करून पुन्हा बघावं, बरेचसे जातात. उभी किंवा आडवी रेघ दिसली तर ती जात नाही, तिथेच थांबावं. त्यानंतर लेन्स लावून एफ २२ वर पांढरी भिंत शूट करावी. धूळ असेल तर करडे डाग दिसतील. धूळ साफ होते, ओरखडा होत नाही. मग रस्त्यावर येऊन अगदी लांबची इमारत किंवा मोबाइलचा टॉवर धरावा आणि लेन्स अनंतावर नेऊन तो कडक दिसतो का ते तपासावं. दिसला नाही तर माउंट सरकलेलं आहे, बहुधा कधीतरी कॅमेरा पडलेला.

एसएसडी रिकामी करून, सगळ्यात जड फॉरमॅट लावून ती पूर्ण भरेपर्यंत सलग रेकॉर्डिंग करावं. फ्रेम सुटतात का, पंख्याचा आवाज वाढतो का, यूएसबीची वायर हलवली तर रेकॉर्डिंग बंद पडतं का, हे दुसऱ्या कुठल्याही मार्गाने कळत नाही. १ टीबीच्या एसएसडीला ३:१ वर अडीच तास लागतात. तेवढा वेळ नसेल तर निदान पाऊण तास चालवावं, तेवढ्यात कॅमेरा पुरेसा तापतो. पॉकेट ४केसोबत डाव्हिंची रिझॉल्व्ह स्टुडिओचा परवाना येतो, सुटा घेतला तर २९५ डॉलरचा. त्याची की मूळ मालकाने आधीच वापरलेली असू शकते, म्हणून ती व्यवहारात धरली आहे की नाही हे भाव ठरवतानाच बोलून घ्यावं. बिलावरचा आणि बॉडीवरचा सिरीयल नंबर एकच हवा. यातल्या कुठल्याही चाचणीला विकणारा ‘वेळ नाही’ म्हणाला तर निघून यावं. या मॉडेलचे वापरलेले नग बाजारात भरपूर आहेत.